न्यू जर्सीचा शॉवर, कोथरूडची टाकी

रेन शॉवर आणि हँड शॉवर यांचा निवाडा या आठवड्यात करायचं कबूल केलं होतं. तो पुढे ढकलतो आहे. मधल्या काळात कोथरूडहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलं, आणि ते वाचल्यावर जाणवलं की शॉवर निवडताना जे सगळ्यात आधी सांगायला हवं तेच सांगायचं राहून गेलं आहे.

बाई चार मजली इमारतीत सगळ्यात वर राहतात. खाली पार्किंग, वर चार मजले, गच्चीवर टाकी. लेक न्यू जर्सीला असते. दिवाळीत आली तेव्हा आईसाठी पाणी वाचवणारा शॉवर घेऊन आली. खोक्यावर छापलं होतं २.५ जीपीएम, म्हणजे मिनिटाला अडीच गॅलन. बाईंनी गॅलनचे साडेचार लिटर धरले आणि सव्वाअकरा लिटरचा हिशेब मांडला. प्लंबरने जुना पितळी शॉवर काढून हा बसवला आणि पहिल्याच दिवशी केसांतला शिकेकाईचा चोथा निघेना. मग बाईंनी आपल्या मागच्या लेखांकातली घड्याळ-बादली केली. १६ लिटरची बादली भरायला सव्वासात मिनिटं लागली. त्यांनी विचारलं आहे : वस्तू सदोष आहे की आमचं पाणी?

बाई, दोन्हींत काही दोष नाही. आधी गॅलनचं बघू. साडेचार लिटरचा गॅलन इंग्रजांचा. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा. म्हणजे खोक्यावरच्या आकड्याचे साडेनऊ लिटर होतात. पण तुमच्याकडे तर मिनिटाला सव्वादोन लिटरसुद्धा पडत नाही. साडेनऊ आणि सव्वादोन यांच्यामधली तफावत गॅलनच्या घोळाने भरून निघत नाही. तिचं कारण गच्चीवर आहे.

अमेरिकेत १९९२ साली ऊर्जेसंबंधी एक कायदा झाला आणि त्याने शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनची कमाल मर्यादा घातली. ही मर्यादा कितीही दाबाला लागू नाही, ८० पीएसआय दाबाला मोजलेली आहे. हा दाब आपल्या भाषेत सांगायचा तर उंचीत सांगावा लागतो, कारण आपल्याकडे दाब येतो तो टाकीच्या उंचीमुळे. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक बार. ८० पीएसआय म्हणजे साडेपाच बार, म्हणजे ५६ मीटर. मजल्याला तीन मीटर धरले तर डोक्यावर अठरा मजले चढवून त्यावर टाकी ठेवली की आपल्या न्हाणीघरात तेवढा दाब मिळेल. तिथे बऱ्याच शहरांत नळाच्या पाण्याला मुळातच भरपूर दाब असतो आणि ते थेट शॉवरपर्यंत येतं. आपल्याकडे महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून आपल्या वजनाने उतरतं. गच्चीवर चढवताना खर्च झालेला दाब आपल्याला फक्त उतरण्याएवढाच परत मिळतो.

मी बाईंना फोन करून विचारलं, शॉवरच्या तोंडापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत उंची किती? त्यांनी भाच्याला टेप घेऊन गच्चीवर पाठवलं. स्लॅबपर्यंत एक मीटर, टाकीखालचे विटांचे खांब आणि अर्धी भरलेली टाकी मिळून दोन मीटर. एकूण तीन मीटर. कुठे ५६ आणि कुठे तीन.

इथे मला टोरिचेलीकडे वळल्यावाचून राहवत नाही. हा इटालियन गणिती गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिला होता. वायुभारमापकामुळे त्याचं नाव शाळेत आपल्या कानावरून गेलेलं असतं, पण १६४४ साली छापलेल्या ग्रंथात त्याने पाण्याविषयी जे लिहिलं ते मला त्याहून सुंदर वाटतं. भांड्याच्या तळाशी भोक पाडलं तर पाणी त्यातून ज्या वेगाने बाहेर पडतं, तो वेग पाण्याच्या पातळीपासून त्या भोकापर्यंत एखादा दगड सोडला असता तर त्याला आला असता तेवढाच असतो. पाणी पाइपातून वळसे घेत येवो, कोपऱ्यात वळो, वेग ठरतो तो उंचीवर. तुमच्या शॉवरमधून निघणारा थेंब टाकीतून सरळ उडी मारून आल्यासारखा निघतो. वाटेत पाइपाच्या भिंतींशी घासून थोडा वेग जातो, तेवढंच.

दगडाचा वेग मात्र उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चौपट उंचीवरून पडला तर दुप्पट वेग. शॉवरच्या भोकांचं माप तेच राहिलं तर पाणीही तसंच : उंची चौपट, पाणी दुप्पट. आता बाईंचा हिशेब करू. तीनला छप्पन्नने भागून वर्गमूळ काढलं की ०.२३ येतं. साडेनऊ लिटर गुणिले ०.२३, म्हणजे सुमारे २.२ लिटर. सोळा लिटरच्या बादलीला सव्वासात मिनिटं. बाईंनी घड्याळ लावून मोजलेला आकडा आणि टोरिचेलीचा आकडा एकमेकांवर जाऊन बसले, तेव्हा फोनवर मी किती वेळ बोलत राहिलो ते मला सांगता येणार नाही.

जाणकार वाचक लगेच हरकत घेतील : सगळे शॉवर असे नसतात. बरोबर आहे. पाणी रोखण्याची युक्ती दोन प्रकारची असते. बाईंच्या शॉवरमध्ये आहे ती साधी, मानेत बसवलेली प्लास्टिकची चकती, तिला एक ठरावीक भोक. दुसऱ्या प्रकारात रबराची एक कडी असते. दाब वाढला की ती चेपून फुगते आणि वाट अरुंद करते, दाब उतरला की सैल होऊन वाट मोकळी करते. कमी दाबाला हा प्रकार नक्कीच बरा. अमेरिकेत वॉटरसेन्स नावाची खूण मिळवायची तर शॉवरला ८० पीएसआयवर मिनिटाला दोन गॅलनच्या, म्हणजे ७.६ लिटरच्या आत राहावं लागतंच, शिवाय कमी दाबावरही अमुक एवढं पाणी द्यावं लागतं. पण त्यांचा सगळ्यात कमी दाब कोणता? २० पीएसआय. म्हणजे १४ मीटर. आपल्या चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरसुद्धा तेवढा मिळत नाही.

हवा ओढून पाणी फेसाळ करणाऱ्या शॉवरचीही हीच गत. पाणी अरुंद गळ्यातून वेगाने गेलं की आजूबाजूची हवा आत खेचली जाते, थेंब पोकळ होतात आणि कमी पाण्यात भरपूर न्हायल्यासारखं वाटतं. फार आवडती युक्ती आहे माझी. पण तीन मीटरवर तो वेगच येत नाही, त्यामुळे हवा आत येत नाही आणि हातात राहते ती बारीक धार. असा एक शॉवर मी स्वतः आणून वरच्या मजल्यावर लावला होता आणि महिनाभरात उतरवला.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा लेखांक खर्ची घातला तिच्याकडे येतो. मी बाईंना विचारलं, काढून ठेवलेल्या पितळी शॉवरची बादली कधी मोजली होतीत? नव्हती मोजली. तो परत लावून मोजायला सांगितलं. सोळा लिटरला पावणेतीन मिनिटं लागली. मिनिटाला ५.८ लिटर! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डरने बसवलेला, कुठलीही खूण नसलेला, भोकांत क्षार साचलेला हा शॉवर अमेरिकेतल्या खूण मिळालेल्या शॉवरपेक्षा कमी पाणी सोडत होता. तीन मिनिटांच्या आंघोळीला साडेसतरा लिटर, म्हणजे भरून वाहणारी एक बादली. शॉवर म्हणजे उधळपट्टी आणि बादली म्हणजे काटकसर हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण शेवटच्या मजल्यावर ते खरं ठरत नाही. माणशी रोजच्या १३५ लिटरच्या आपल्या सरकारी मापात आंघोळीला ५५ लिटर धरले आहेत. बाईंनी नऊ मिनिटं शॉवरखाली काढली तरी त्या ५५ च्या आत राहतात.

म्हणून शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पाणी वाचवणारा शॉवर विकत घेऊ नका. तुमची टाकी ते काम आधीच करते आहे. शॉवर अगदीच मंद असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर शॉवर रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा. अँगल कॉक अर्धवट बंद राहिलेला नाही ना, तेही तपासा. जुन्या इमारतींत लोखंडी जीआय पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. पाइपाच्या व्यासाचं गणित फार कठोर आहे. वीस मिलिमीटरच्या जागी पंधराचा पाइप आला की तेवढंच पाणी न्यायला घर्षणात चौपटीहून जास्त दाब जातो. हे सगळं न बघता लोक प्रेशर पंप बसवतात. दहा मीटरचा दाब देणारा पंप तीनच्या तेरा मीटर करतो, पाणी दुप्पट वाहू लागतं, आणि मग तेच लोक पाणी वाचवणारा शॉवर शोधत दुकानात जातात. पंप हा शेवटचा उपाय असावा.

खालच्या मजल्यांवर मात्र गोष्ट उलटी आहे. बाईंच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाकडे बिल्डरने लावलेला तोच पितळी शॉवर आहे. तिथली उंची तीन अधिक नऊ, बारा मीटर. बाईंच्या चौपट. टोरिचेलीच्या म्हणण्याप्रमाणे पाणी दुप्पट पडायला हवं, मिनिटाला ११.६ लिटर. बाईंनी तिथे जाऊन बादली लावली. दीड मिनिटात भरली, म्हणजे १०.७. राहिलेला लिटर लांबलेल्या पाइपाने खाल्ला. त्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा आठ मिनिटं न्हातो. ८५ लिटर! एकाच इमारतीत, एकाच टाकीतून, एकाच जातीच्या शॉवरमधून.

या ८५ लिटरांत एक चोरवाट आहे. बादलीच्या आंघोळीत विसण आधी घातलं जातं. आमच्या आजीकडे बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायचं, विसणाचा तांब्या त्यात ओतायचा, बोटाने बघायचं आणि मग पाटावर बसायचं. त्यात एक थेंबही वाया जात नसे. शॉवरमध्ये विसण घालण्याचं काम वाहत्या पाण्यात चालतं. गरम नळ थोडा उघड, गार थोडा बंद कर, पुन्हा पोळलं, पुन्हा गार. वरच्या मजल्यावर या खटपटीच्या मिनिटाला सहा लिटर जातात, पहिल्या मजल्यावर अकरा. त्यामुळे खालच्या मजल्यांवर शॉवर निवडताना त्याच्या मानेवर पाणी थांबवायची छोटी कळ आहे का, हे मी रंगरूपाच्याही आधी बघतो. एकदा जमलेलं विसण तसंच ठेवून साबण लावताना पाणी थांबवता येतं.

न्यू जर्सीच्या शॉवरचं काय करायचं, यावर मी बाईंना दोन वाटा सुचवल्या. एक, मानेतली चकती टाचणीने उचकून काढून टाकायची. कायद्याने बसवलेली वस्तू काढायला बाईंचा हात धजेना, पण ती चकती ५६ मीटरच्या दाबाला आवर घालण्यासाठी आहे. तीन मीटरवर आवरायचं काहीच नाही. दुसरी वाट मला जास्त पसंत होती : तो शॉवर पहिल्या मजल्यावर द्यावा. बारा मीटरवर त्यातून मिनिटाला सव्वाचार ते साडेचार लिटर पडायला हवं आणि धारेला जोरही राहायला हवा. मुलाची आठ मिनिटं ३५ लिटरवर येतात. अमेरिकी आट्यांची चिंता बाईंच्या प्लंबरला होती. अर्ध्या इंचाच्या अमेरिकी आणि आपल्या आट्यांत इंचाला चौदाच वेढे असतात. आट्यांचा कोन जरा वेगळा, पण टेफ्लॉन टेपचे दोन-चार जास्तीचे फेरे दिले की गळत नाही.

बाईंनी दुसरी वाट धरली. रविवारी शॉवर खाली बसला, बादली साडेतीन मिनिटांहून थोडी जास्त वेळात भरली, मुलगाही खूश. बुधवारी पुन्हा फोन आला. पाणी छान पडतं, पण आंघोळीच्या मध्येच गॅस गिझर विझतो. तासभर विचार करून उलगडा झाला : साडेचार लिटरांतलं निम्मं विसणाचं, म्हणजे गिझरमधून मिनिटाला सव्वादोनच लिटर जात होतं, आणि त्याच्या आतल्या पडद्याला झडप उघडी धरण्यासाठी तेवढं पाणी पुरत नव्हतं. खालच्या मजल्यावर गॅस गिझर असणाऱ्यांनी नवा शॉवर घेण्याआधी एक आठवडा थांबावं. त्या पडद्याबद्दल आणि गिझरवरचा पाण्याचा खटका कुठे ठेवायचा याबद्दल पुढच्या लेखांकात लिहितो. तोवर एवढं नक्की करा : गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर खिडकी बंद करून तो पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रेन शॉवर त्यानंतर.