'कामी येईन' म्हणून ठेवलेलं

बुलढाणा जिल्ह्यातल्या घरातून काही बाहेर फेकायला निघालं की कुणीतरी मोठं माणूस हमखास आडवं येतं. "फेकू नोको वं माय, कामी येईन." मग ती विटलेली सुती साडी, बाही फाटलेला शर्ट, श्रीखंडाचे रिकामे डबे, लग्नात मिळालेल्या कापडी पिशव्या आणि दोरीने बांधलेले रद्दीचे गठ्ठे दिवाणाच्या पोटात जातात. दिवाण भरला की माळ्यावर, माळा भरला की गॅलरीत.

नोकरी करणाऱ्या आईबापांच्या घरात हा पसारा जरा जास्तच साचतो. सकाळी पोरांचे डबे, शाळेची रिक्षा, मग स्वतःची ड्यूटी. संध्याकाळी अभ्यास आणि स्वयंपाक. रविवारी आवरू म्हणावं तर त्या दिवशी पाहुणे तरी येतात नाहीतर पाणी तरी येतं. यावर सध्याचा उपाय म्हणजे आणखी डबे विकत आणणं. झाकणाचे पारदर्शक डबे, चेनच्या पिशव्या, दाराला टांगायचे कप्पे. बाजारात सगळं मिळतं आणि वर्षभरात तेही भरतं. पसारा होता तेवढाच राहतो, फक्त त्याला झाकण येतं.

वस्तू ठेवून देण्याच्या सवयीला मी नावं ठेवणार नाही. 'कामी येईन' हे जुन्या घरांतही म्हणत होतेच. तिथे फरक एवढाच होता की वस्तू कधी कामी येणार, हे ठरलेलं असायचं. फाटकी साडी उन्हाळ्यात गोधडीत जायची, रद्दी चैत्र-वैशाखात टोपल्यांत, रंगीत चिंध्या पोळ्याला बैलाच्या झुलीत. सण आणि हंगाम ही त्या घरांची मुदत होती. मुदत टळली तर वस्तू चुलीत किंवा उकिरड्यावर. आता ठेवायची सवय तेवढी उरली आणि मुदत गेली.

जागाही विचार करूनच लावलेली असायची. घाटावर काय नि घाटाखाली काय, जुन्या धाब्याच्या घरात आजच्यासारखी कपाटं नव्हती. भिंतीत कोनाडे, दिवळ्या, फडताळ, आढ्याला शिंकं, कपड्यांना वलनी, धान्याला तुराट्यांची शेणामातीने लिंपलेली कणगी. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. उतरंड दिसायला शोभेची वाटते, पण तिच्यामागे हिशेब आहे. खालचं मडकं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात. म्हणून तळाला राख-कडुलिंब घालून ठेवलेलं बियाणं, म्हणजे वर्षातून एकदाच लागणारी वस्तू. त्यावर डाळी आणि अगदी वर रोजचं मीठ-मसाला. किती वेळा हात लागतो त्यावर वस्तूची जागा ठरायची. आजच्या ओट्याखालच्या कप्प्यांत बहुतेक घरांत याच्या उलट असतं. वर्षातून एकदा लागणारं पुरणयंत्र पुढे आणि रोजचा कुकर त्याच्यामागे.

घर खऱ्या अर्थाने उलटंपालटं करून आवरलं जातं ते महालक्ष्म्यांना. ज्यांना पुण्याकडे गौरी म्हणतात, त्या आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. तीन दिवसांच्या या कार्यक्रमाची तयारी पंधरा दिवस चालते आणि घरातली एकही पेटी उघडल्याशिवाय राहत नाही. मुखवटे काढायचे, कोठ्या किंवा स्टँड घासायचे, उभ्या महालक्ष्म्यांना साड्या नेसवायच्या, मागे साड्यांच्याच चुण्यांचा पडदा करायचा, वर फुलोरा टांगायचा. शंभर माणसांचं जेवण असलेल्या घरात तर खोल्याच रिकाम्या कराव्या लागतात.

ही संधी आहे. त्या पंधरा दिवसांत सगळ्या साड्या एकदा हातातून जातात. पडद्याला कुठली, दानाला कुठली, गोधडीला कुठली, हे तिथेच ठरवून तीन गठुडी बांधली तर पुढच्या वर्षभराचं काम अर्ध्यावर येतं. मुलांनाही यात घ्यावं. चुण्या घालायला, पिना द्यायला, फुलोऱ्याच्या करंज्यांना दोरा बांधायला लहान बोटं फार उपयोगी पडतात. दरवर्षी थर्मोकोलची मखरं आणणाऱ्या घरांना तर 2018 पासून दुसरा विचार करावाच लागला, कारण राज्याच्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्मोकोलही आलं. मला विचाराल तर साडीचा पडदा त्या मखरापेक्षा चांगलाच दिसतो आणि नंतर पुन्हा साडीच राहतो.

महालक्ष्म्या झाल्या की घट बसायच्या आधी सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची पद्धत आहे. त्यानंतर मात्र आवराआवरीचं नाव काढू नये. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, दिवाळीला कापसाची वेचणी. शेतीच्या घरात तेव्हा कुणाला उसंत नसते आणि नोकरदारांच्या घरी सहामाही परीक्षा असतात. दिवाळीच्या तोंडावर घरभर पसारा काढून बसायचा सल्ला शहरी मासिकं देतात, तो इथल्या हंगामाला धरून नाही.

हाताने वस्तू करण्याची कामं उन्हाळ्यातली. त्यात सगळ्यात सोपं आणि आता जवळपास विसरलेलं काम म्हणजे कागदाच्या लगद्याची टोपली. घरी एखादी जुनी असेलच, कुरडया नाहीतर लसूण ठेवलेली. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे करून दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. कागद हाताला लिबलिबीत लागला की पाणी पिळून काढून उखळात कुटायचा. उखळ नसेल तर मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवला तरी चालतो, पण ते भांडं मग स्वयंपाकाला वापरू नये. किलोभर रद्दीला साधारण वाटीभर मेथ्या रात्रभर भिजवून, वाटून त्यात कालवायच्या. कुणी मुलतानी मातीही घालतं.

मेथ्याच का? भिजलेल्या मेथीला चिकट बुळबुळीत डिंक सुटतो, तो कागदाचे सुटे झालेले तंतू धरून ठेवतो. शिवाय मेथी कडू, त्यामुळे कीड लवकर फिरकत नाही. गुळगुळीत, चकचकीत कागदाची मासिकं मात्र घेऊ नयेत. त्या कागदावर खनिज भुकटीचा थर असतो, तो नीट भिजत नाही आणि लगदा भुसभुशीत होतो.

पातेलं किंवा बादली पालथी घालायची, वर ओलं फडकं पसरायचं आणि त्यावर लगदा बोटभर जाडीने थापत जायचं. कड जरा जाड ठेवावी, तिथेच टोपली आधी तुटते. उन्हात अर्धवट वाळली की भांड्यावरून अलगद काढायची, आतून हात फिरवून गुळगुळीत करायची आणि पुन्हा वाळवायची. मलकापूर, नांदुरा, शेगावच्या एप्रिलमधल्या उन्हात ती दोन-तीन दिवसांत खडखडीत होते. बुलढाणा गाव डोंगरावर, तिथे एखादा दिवस जास्त द्यावा. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, वाळायच्या आधी बुरशी येते. वाळलेल्या टोपलीला वरून खळीने कागद चिकटवायचा आणि पोरांच्या हाती रंग द्यायचे. पेन, रिमोट, मोबाइलचे चार्जर, केसांच्या पिना, रोज शोधाव्या लागणाऱ्या सगळ्या किरकोळ वस्तूंना ही टोपली पुरते. ओली वस्तू आणि तेलाची बाटली तेवढी तिच्यात ठेवायची नाही.

गोधडी, म्हणजे वऱ्हाडी बोलीतली वाकय, हे जास्त चिकाटीचं काम. एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. हा कापसाचा मुलूख. 1870 साली जलंब ते खामगाव हा छोटासा लोहमार्ग टाकला गेला तोच खामगावच्या बाजारातला कापूस बाहेर नेण्यासाठी. तरीही इथल्या वाकयीच्या पोटात कापूस क्वचितच असतो, जुनं कापडच असतं. कापूस विकला की पैसा येत होता. जुन्या लुगड्याला कोण विचारणार? म्हणून पांघरायला लुगडं आणि विकायला कापूस.

गोधडीचं तंत्र साधं आहे. वर आणि खाली त्यातल्या त्यात धड साड्या, मध्ये फाटक्यांचे थर. सगळं कापड सुती हवं आणि आधी धुऊन घेतलेलं. नवं कापड मध्ये घातलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि गोधडी आक्रसते. जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मग मधून कडेकडे जात लांब कच्चे टाके घालायचे म्हणजे थर सरकत नाहीत. त्यानंतर कडेपासून आत जात धावदोरा. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर पुरतं. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, आणि जवळजवळ घातलेला टाका विरलेल्या कापडाला पुढे फाटू देत नाही. एरवी पोतेऱ्यालाही न टिकणारी साडी म्हणून तर वाकयीत कितीतरी वर्षं जाते.

पूर्ण मापाची गोधडी नोकरी सांभाळून करायला जाऊ नका. अर्धवट गोधडी हा पसाऱ्यातला सगळ्यात मोठा पसारा असतो. बाळाच्या दुपट्याएवढी, तीन फूट बाय अडीच फूट, एवढीच घ्या. टीव्हीसमोर बसून रोज दोन-चार ओळी घातल्या तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कच्चे टाके येतात. मुलाला मुद्दाम म्हणतोय, मुलीला नव्हे. आणि मोठी गोधडी हवीच असेल तर गावातल्या बचतगटाच्या बायकांकडून शिवून घ्या, पण मजुरी देताना घासाघीस करू नका. त्या एका गोधडीत किती दुपारी गेल्या असतील, याचा अंदाज दुपटं शिवून झाल्यावर येतो.

जुन्या व्यवस्थेचं कौतुक करताना तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती सगळी बायकांच्या दुपारींवर उभी होती आणि त्या दुपारींचा हिशेब कुणी ठेवला नाही. शेवया, पापड, कुरडया गल्लीतल्या चारचौघी मिळून करायच्या, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, म्हणून ते निभायचं. आज तीच कामं एकट्या नोकरदार बाईच्या रविवारात कोंबली तर ती शिक्षा होईल. घरातल्या पुरुषाने लगदा कुटावा, बादली पालथी घालावी, माळ्यावरून गठुडी उतरवावीत. हे जमणार नसेल तर टोपली विकत आणलेली बरी.

मुलांच्या वाट्याला तीन सण खास येतात. पोळ्याला मातीचे बैल, त्यांना चिंध्यांची झूल आणि बेगडाच्या मठाट्या. पोळा झाला की थोड्याच दिवसांत भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गाणी म्हणतात आणि शेवटी जोंधळ्याच्या पाच धांड्यांचं मखर होतं. संक्रांतीला बाळाच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने. या कुठल्याच गोष्टीला दुकानात जावं लागत नाही, दोरा आणि बेगड सोडलं तर.

हाताने करताना मूल शिकतं, हे विदर्भाला नवं नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, ती नयी तालीम. पुढे अरविंद गुप्तांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रिकाम्या बाटल्यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच केलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचं वैशिष्ट्य मला हे वाटतं की ती चालतात. पंप पाणी ओढतो, मोटर फिरते. मोबाइलवरच्या व्हिडिओंतली बहुतेक कलाकुसर कपाटावर धूळ खात बसते. बाटलीला रंग दिला म्हणून ती टिकाऊ होत नाही. घरात तिला काही काम असलं पाहिजे.

शाळेतल्या कार्यानुभवाची गोष्ट इथेच येते. रात्री नऊ वाजता मूल सांगतं, उद्या 'टाकाऊतून टिकाऊ' न्यायचं आहे. मग बाप दुकानाचं अर्धं शटर उघडायला लावून आइसक्रीमच्या कोऱ्या काड्या, चमकीचा कागद आणि गोंदाची ट्यूब आणतो, आई बारापर्यंत चिकटवते आणि सकाळी मुलाला ताऱ्यासह शेरा मिळतो. यात टाकाऊ काय होतं ते कुणी विचारत नाही.

जिल्ह्यातल्या गुरुजींना आणि मॅडमना म्हणून एक विनंती. वस्तू आठवडाभर आधी सांगा, आणि ती हंगामाला धरून सांगा. पोळ्याच्या आधी झूल, महालक्ष्म्यांच्या आधी कापडी तोरण, वार्षिक परीक्षा संपताना कागदाची टोपली. दुकानातून काही आणलं असेल तर गुण कापा. आईने चिकटवलेलं ओळखू येतंच, त्याचेही कापा.