पाय, पृथ्वी आणि एक मीटर दोरा

कॅल्क्युलेटर काढा आणि ३.१४१६ ला ३.१४१६ नेच गुणा. हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे: पाय. (चालायचा पाय नाही, वर्तुळाचा!) उत्तर येतं ९.८७. आता वरून एखादी वस्तू सोडली, तर दर सेकंदाला तिचा वेग किती वाढतो? मीटर आणि सेकंदांत मोजलं, तर सुमारे ९.८.

वर्तुळाचा आणि पृथ्वीच्या ओढीचा काय संबंध?

अमेरिकेत राहत असाल, तर तेच फुटांत मोजा. ९.८ च्या जागी ३२.२ येतात. पाय मात्र बदलत नाही, कारण तो परीघ भागिले व्यास आहे. त्याला एककच नाही. म्हणजे खरी गंमत मीटरमध्ये दडली आहे.

मीटर ठरण्याच्या खूप आधी, १७ व्या शतकात, काही शास्त्रज्ञांनी एक युक्ती सुचवली होती. लंबकाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला बरोबर एक सेकंद लागला, की त्याची लांबी हेच आपलं एकक! लंबकाच्या सूत्रात पाय असतो. त्यामुळे हे माप घेतलं असतं, तर आपले दोन्ही आकडे अगदी सारखे आले असते.

पण १६७२ मध्ये झाँ रिशे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेले. पॅरिसमध्ये नीट चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. तिथे पृथ्वीची ओढ थोडी कमी! मग जागेप्रमाणे बदलणारं माप कसं चालेल?

१७९१ मध्ये फ्रेंचांनी दुसरं माप निवडलं: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग, त्यातला एक म्हणजे मीटर. तो लंबकाच्या मापापेक्षा जेमतेम ६ मिलिमीटर मोठा निघाला. एक कोटी ही माणसांची निवड, बाकीचा योगायोग, असं मला वाटतं.

आता स्वतः करून बघा. एक मीटर दोऱ्याला किल्ली बांधा, दोरा वर कुठेतरी टांगा आणि किल्लीला हलकेच झोका द्या. किल्ली जाऊन परत आली, की एक मोजा. दहा झोक्यांना साधारण २० सेकंद लागतील. लंडनमध्ये आणि मॉरिशसमध्ये थोडा फरक पडतो खरा, पण तुमच्या फोनवरच्या घड्याळात तो पकडता येणार नाही.