पॉलिसी मध्येच मोडली तर हातात किती येतं?

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज विम्याच्या हप्त्यांबद्दल बोलू या. जून आला की शाळेच्या फिया, बियाणं, खत सगळं एकदमच येतं, आणि मग घरात कुणीतरी म्हणतंच, "ती पॉलिसी मोडून टाक की, तेवढेच पैसे सुटतील." गटांच्या बैठकांना गेलो की आम्हा समन्वयक बायांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. आमचं उत्तर ठरलेलं आहे. मोडायचीच असेल तर मोडा, पण आधी आकडा कागदावर घ्या.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगतो. त्यांनी 2021 साली वीस वर्षांची बचतीची पॉलिसी घेतली. विम्याची रक्कम दोन लाख आणि वर्षाचा हप्ता दहा हजार, वर कर. दोन हप्ते भरले आणि मुलीला नर्सिंगला घालायची वेळ आली. ताई कंपनीच्या शाखेत गेल्या, फॉर्म भरला, बाँड जमा केला. खात्यात आले सहा हजार आणि वर बोनसचे थोडेसे. भरले होते वीस हजार सहाशे पंचाहत्तर. "मला चौदा हजारांचा दंड का लावला?" असं त्या आम्हाला विचारत होत्या, आणि डोळ्यांत पाणी होतं.

खरं तर त्या कागदावर दंड असा शब्दच कुठे नव्हता, आणि घोटाळा होतो तो इथेच. आपण पॉलिसीला बँकेच्या ठेवीसारखं समजतो. ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल आपलं आपल्याला मिळतं. पॉलिसीचं तसं नाही. तिच्यात तुमची जमा रक्कम परत करायची नसते, तर 'सरेंडर व्हॅल्यू' नावाची एक वेगळीच रक्कम द्यायची असते. ती किती, हे बाँडमध्ये पहिल्या दिवसापासून छापलेलं असतं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अशा पॉलिसीत दुसऱ्या वर्षी मोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान 30 टक्के, तिसऱ्या वर्षी 35 टक्के, चौथ्यापासून सातव्या वर्षापर्यंत 50 टक्के मिळायचे. वीस हजारांचे 30 टक्के म्हणजे सहा हजार. करापोटी गेलेले 675 रुपये तर हिशेबातच धरत नाहीत. (वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून काढून टाकला आहे, पण आधी भरलेला कर परत येत नाही.)

मग बाकीचे पैसे जातात कुठे? काही भाग त्या दोन वर्षांच्या जोखमीला गेला. त्या काळात ताईंचं काही बरंवाईट झालं असतं तर घरच्यांना दोन लाख मिळाले असते, त्याची ती किंमत. पण मोठा भाग कंपनीच्या सुरुवातीच्या खर्चाला आणि एजंटच्या कमिशनला जातो. पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर कमिशन सगळ्यात जास्त असतं, पुढच्या वर्षांत ते बरंच उतरतं. डाळिंबाची नवी बाग पहिली वर्षं नुसता खर्च खाते, आणि दुसऱ्याच वर्षी तोडली तर हातात सरपणच येतं, तसं हे आहे. ही रीत बाईमाणसाला परवडणारी नाही असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांतच पैशाची अडचण येते ती आपल्यासारख्यांना.

तक्रारी खूप झाल्यावर विमा नियामकांनी, म्हणजे आयआरडीएआयने, नियम बदलले. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या नियमांप्रमाणे विकलेल्या पॉलिसीत एका पूर्ण वर्षाचा हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावरही काहीतरी परत द्यावंच लागतं. आधी पहिल्या वर्षी मोडणाऱ्या बाईला काहीच मिळत नसे. पण "आता सगळे पैसे परत मिळतात" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वरच्याच आकड्यांवर बघा. वीसपैकी एकच हप्ता भरला, म्हणजे दोन लाखांचा विसावा हिस्सा, दहा हजार, तुमच्या नावावर. पण ते मिळणार एकोणीस वर्षांनी. आजच मागितले तर 7 टक्के दराने त्यांची आजची किंमत पावणेतीन हजारांच्या आसपास भरते. जुन्या पॉलिसीला तिच्या बाँडवर छापलेल्या अटीच लागू असतात, हेही लक्षात असू द्या.

आता मोडण्याआधी काय बघायचं ते सांगतो. पॉलिसी नवीकोरी असेल तर बाँड हातात पडल्याची तारीख आधी बघा. त्या तारखेपासून 30 दिवसांत नको म्हणून लेखी कळवता येतं. याला 'फ्री लुक' म्हणतात. तेव्हा फक्त तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे, डॉक्टरी तपासणीचे आणि मुद्रांकाचे पैसे कापून बाकीचा हप्ता परत मिळतो. पूर्वी ही मुदत साधारण 15 दिवसांची होती, आता सगळ्यांना 30. पाकीट न उघडता फडताळात ठेवायचं, ही सवय मात्र सोडायला हवी. आणि अर्ज दिला की पोच घ्याच.

तीस दिवस उलटले असतील, पण दोन-चार वर्षं भरून झाली असतील, तर 'पेडअप'चा विचार करा. पुढचे हप्ते थांबवायचे, पॉलिसी मोडायची नाही. चार हप्ते भरले असतील तर दोन लाखांचे चाळीस हजार होतात आणि मुदतीअखेर ते, अधिक तोवर जमलेला बोनस, मिळतो. मधल्या काळात विमा कमी रकमेचा का होईना, चालू राहतो. याच चार हप्त्यांवर आज मोडली तर भरलेल्या चाळीस हजारांपैकी वीस हजारच्या आसपास हाती येतात. पैसे आजच लागत असतील तर पॉलिसीवर कर्जही मिळतं, बहुतेक ठिकाणी सरेंडर व्हॅल्यूच्या 80 ते 90 टक्के. व्याज मात्र वेळेवर भरा, नाहीतर तेच साठत जाऊन पॉलिसी गिळतं. तात्पुरती अडचण असेल तर हप्ता चुकला म्हणून घाबरू नका. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, महिन्याच्या हप्त्याला 15. पॉलिसी बंद पडली तरी अशा पॉलिसी पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येतात, थकीत हप्ते आणि व्याज भरून. त्यासाठी तब्येतीचा दाखला मागू शकतात.

युलिप असेल, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली, तर गोष्ट वेगळी. पाच वर्षांच्या आत पैसे हातातच येत नाहीत. बंद केल्याचं शुल्क कापून उरलेली रक्कम वेगळ्या निधीत जाते आणि पाच वर्षं झाल्यावर मिळते. वर्षाला 50 हजारांपर्यंत हप्ता असेल तर पहिल्या वर्षी हे शुल्क जास्तीत जास्त 3,000 रुपये, पुढे कमी होत जातं, पाचव्या वर्षापासून शून्य.

अजून एक. "जुनी मोडा, नवी घ्या, ही चांगली योजना आहे" असं एजंटने सांगितलं तर थोडं थांबा. नवीन पॉलिसीत तुमचं वय वाढलेलं, म्हणून हप्ता जास्त. त्याचं पहिल्या वर्षाचं मोठं कमिशन पुन्हा सुरू. शिवाय तीन वर्षं झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर शंका काढता येत नाही, अशी विमा कायद्यात तरतूद आहे. ती तीन वर्षंही पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. आमच्या गटांमध्ये सगळ्यात जास्त पैसे या सल्ल्यात गेलेत.

बऱ्याच जणी 436 रुपयांच्या जीवन ज्योती आणि 20 रुपयांच्या सुरक्षा विम्याचे पैसे "बुडाले" म्हणून सांगतात. ते बुडत नाहीत. त्या वर्षभर जोखमीच्या पॉलिसी आहेत, बचत त्यांच्यात नसतेच, म्हणून मोडल्यावर परत काही येत नाही. घरचं कमावतं माणूस गेलं तर मागे राहणाऱ्यांना दोन लाख मिळावेत एवढंच काम असेल, तर ते काम या योजना स्वस्तात करतात.

सरेंडरचा आकडा तोंडी ऐकून सही करू नका. शाखेत अर्ज द्या, "आजच्या तारखेला सरेंडर किती, पेडअप किती, कर्ज किती" हे तीन आकडे लेखी मागा. खोटं सांगून पॉलिसी विकली गेली असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. नियामकांचा फोन 155255 आहे. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे बाँड असेल त्यांनी घेऊन यावा, हप्त्यांच्या पावत्याही आणाव्यात. आम्ही एकत्र बसून वाचू.