‘अप’ म्हणजे नेहमी वर नव्हे

इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेक मार्गदर्शकांत शेवटी एक यादी असते. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे, ‘गिव्ह अवे’ म्हणजे वाटून टाकणे; मग ‘गेट’ची पानं, ‘पुट’ची पानं. विद्यार्थी ती घोकतो, गाळलेल्या जागा भरतो आणि परीक्षा संपताच विसरतो. ही तक्रार जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं होतं, की क्रियापदाला चिकटणाऱ्या या छोट्या शब्दांइतकी अडचण परदेशी माणसाला दुसऱ्या कशाचीच होत नाही. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकामुळे रूढ झालं आणि पाठांतराला एक भारदस्त मथळा मिळाला. पण या जोड्या खरंच इतक्या मनमानी आहेत का? मला वाटतं, यादी उलट्या टोकाने लावल्यामुळे त्या तशा दिसतात. ‘गिव्ह’, ‘गेट’, ‘पुट’ ही क्रियापदं जवळजवळ रिकामी असतात; अर्थाचा भार मागचं अव्यय वाहतं. यादी अव्ययाप्रमाणे लावली, तर ढिगाऱ्यात बऱ्यापैकी व्यवस्था दिसू लागते.

‘अप’चंच बघू. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’, ‘टेअर अप’ यांत वर काहीच जात नाही. काम पुरतं उरकतं. ‘आउट’ एकीकडे संपण्याकडे झुकतो (‘रन आउट’, ‘डाय आउट’, ‘वेअर आउट’), तर दुसरीकडे दडलेलं उघड्यावर येण्याकडे (‘फाइंड आउट’, ‘पॉइंट आउट’). ‘ऑफ’ तोडतो, ‘ऑन’ चालू ठेवतो. मराठी माणसाला हे परकं वाटायचं खरं तर कारण नाही. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण कुठे काही टाकतो? ‘बोलून टाक’, ‘रडून घे’, ‘करून ठेव’ यांतलं दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याची तऱ्हा सांगतं. ‘ईट अप’मधला ‘अप’ नेमकं तेच करतो. दोघांच्या मर्यादाही जुळतात: जिला टोकच नाही अशी क्रिया उरकता येत नाही, म्हणून मराठीत ‘आवडून टाकलं’ होत नाही आणि इंग्रजीत ‘लाइक’ला हा ‘अप’ लागत नाही. फरक इतकाच, की आपण तऱ्हा दुसऱ्या क्रियापदाने दाखवतो आणि इंग्रज दिशेने.

दिशेने अर्थ वळवण्याची युक्ती तर संस्कृतातली आपल्या चांगल्या ओळखीची आहे. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. उपसर्ग धातूला ओढत नेतो. पाणिनीच्या काळापर्यंत हे उपसर्ग क्रियापदाला चिकटून बसले, पण ऋग्वेदात ते सुटे होते, मध्ये दोनचार शब्द टाकून लांबही उभे राहत. ‘उत्तिष्ठ’मधला ‘उद्’ आणि इंग्रजी ‘आउट’ हे तर मुळातले सगे आहेत. जुन्या इंग्रजीतही उपसर्ग क्रियापदाच्या पुढे बसत. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’ हे त्यांचे उरलेले नमुने. पुढच्या काही शतकांत असे बरेच उपसर्ग झिजले आणि त्यांचं काम मागे येणाऱ्या सुट्या अव्ययांनी उचललं.

आता एक जोडी जवळून पाहण्यासारखी. ‘ही रॅन अप अ हिल’: तो टेकडी धावत चढला. ‘ही रॅन अप अ बिल’: त्याने बिल वाढवून ठेवलं. लिहिताना एका अक्षराचा फरक, पण पहिल्यात ‘अप’ टेकडीचा आहे आणि दुसऱ्यात क्रियापदाचा. नामाऐवजी सर्वनाम घातलं की गुपित फुटतं. टेकडीच्या वाक्यात ‘रॅन अप इट’ होतं, बिलाच्या वाक्यात ‘रॅन इट अप’. बोलताना बिलाच्या ‘अप’वर जोर पडतो, टेकडीच्या ‘अप’वर नाही. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘स्विच ऑफ इट’ इथेच घसरतं. एरवी ‘स्विच ऑफ द फॅन’ आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ दोन्ही चालतात. सर्वनामाला मात्र मधली जागाच घ्यावी लागते. यादीत हे सहसा लिहिलेलं नसतं, कारण यादीला वाक्य नसतं.

यावर कोणी म्हणेल, ही पश्चातबुद्धी आहे. अर्थ आधी माहीत असला की तर्क बसवता येतो. ‘फिल इन’ आणि ‘फिल आउट’ दोन्हींचा अर्थ अर्ज भरणेच, मग आत आणि बाहेर यांत फरक काय राहिला? आक्षेप वजनदार आहे. तरीही ‘इन’ची नजर रिकाम्या रकान्यांकडे आहे आणि ‘आउट’ची पुरा भरलेल्या अर्जाकडे, म्हणूनच एकट्या नावाचा रकाना ‘फिल इन’ करतात, ‘फिल आउट’ नव्हे. घर ‘बर्न डाउन’ होतं कारण ते उभं असतं; कागद ‘बर्न अप’ होतो, म्हणजे उरतच नाही. पण ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे का, हे आजच्या इंग्रजीतून कोणत्याही दिशेने समजावता येत नाही, आणि तिथे ओढूनताणून तर्क लावू नये. अशा जोड्या पाठच कराव्यात. त्या किती, हा प्रश्न आहे. २००७ मध्ये डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये या जोड्या मोजल्या, तेव्हा अवघी २० क्रियापदं आणि ८ अव्ययं यांच्या मेळातूनच निम्म्याहून अधिक वापर भरला. कोशात हजारो जोड्या दिसतात. बोलण्यात त्याच त्या फिरतात.

दुसरा आक्षेप आपल्या इंग्रजीतून येतो: ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ असे घसघशीत शब्द असताना या बोलभांड जोड्या कशाला? (‘पोस्टपोन’वर तर आपण इतके खूश झालो की ‘प्रीपोन’ही प्रचारात आणलं.) १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्द दरबार, न्यायालय आणि विद्येत शिरले, म्हणून ते आजही औपचारिक वाटतात. शोधनिबंधात या जोड्या कमी आणि संभाषणात, कथाकादंबऱ्यांत खूप, हे भाषेच्या वापराच्या पाहण्यांत दिसलंच आहे. तेव्हा निबंधापुरता आक्षेप खरा. पण मित्राशी बोलताना चौकशी करण्याच्या अर्थाने ‘इन्व्हेस्टिगेट’ म्हणणारा सरकारी पत्रासारखा बोलतो, आणि ‘ग्रो अप’ किंवा ‘वेक अप’साठी रोजच्या वापरातला एकेरी पर्याय शोधूनही सापडत नाही.

उलट आपण करतो त्या चुकांतूनच ही व्यवस्था जिवंत असल्याचं कळतं. ‘डिस्कस अबाउट’ ही ‘विषयाबद्दल चर्चा’ची सावली, ती आपल्या भाषेतून आली. पण ‘कोप अप विथ’ मराठीतून येणं शक्य नाही. तो ‘अप’ ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ ऐकून ऐकून आला, आणि त्या घरात ‘कोप’लाही बसवून मोकळा झाला. इंग्रजांना तो खटकतो. तिथे नुसतं ‘कोप विथ’ म्हणतात. पण त्यांनीही संगणकापुढे बसून ‘लॉग इन’, ‘स्क्रोल डाउन’ बनवले ते याच रीतीने, आणि ते आपल्याकडून कुणी पाठ करून घेतले नाहीत.