मनगटावरची नाडीपरीक्षा

वैद्यबुवा रोग्याचे मनगट हाती घेऊन डोळे मिटून बसत, हे चित्र आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी पाहिले असेल. आता तेच मनगट घड्याळाने धरले आहे. ते नाडी पाहते म्हणजे नेमके काय करते, एवढेच सांगावयाचे आहे.

घड्याळ काढून उलटे धरा. पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढते आणि तेवढा प्रकाश कमी परततो. या चढउतारावरून ठोक्यांचा हिशेब होतो. हृदय घड्याळाला दिसतच नाही. पट्टा सैल झाला किंवा हात हलला, की हिशेब चुकतो.

करोनाच्या साथीत घरोघर आलेला बोटाचा चिमटा याच जातीचा. त्यात तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश असतात. त्यांच्या प्रमाणावरून प्राणवायूचा अंदाज बांधावयाचा, ही जपानच्या ताकुओ आओयागी यांची १९७४ सालची युक्ती. परंतु कातडीचा रंगही प्रकाश शोषतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, प्राणवायूची दडलेली कमतरता कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटली. आपणा सावळ्या लोकांना हे ठाऊक असलेले बरे.

मग घड्याळाच्या इशाऱ्याची किंमत किती? अॅपलच्या घड्याळावर स्टॅनफर्ड विद्यापीठाने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ४ लाख १९ हजार माणसांपैकी नाडी बेताल असल्याची सूचना २,१६१ जणांना मिळाली. पुढे ज्या ४५० जणांनी छातीवर हृदयालेखाची पट्टी लावून ती परत पाठविली, त्यांपैकी ३४ टक्क्यांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर सापडली. हिच्यामुळे गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. उरलेल्यांचे इशारे खोटेच होते, असेही म्हणता येत नाही. हा विकार येतो-जातो, आणि पट्टीच्या त्या आठवड्यात तो आलाच नसेल. म्हणून इशारा मिळाल्यास घाबरून न जाता डॉक्टरांकडून हृदयालेख काढून घ्यावा.

उलट बाजू अधिक घातक. हृदयाच्या रोहिणीत अडथळा आला, तरी नाडीचा ताल बिघडेलच असे नाही. छातीत कळ येऊन घाम फुटला असेल, तर घड्याळ गप्प आहे म्हणून घरी बसू नये. तडक इस्पितळ गाठावे.