पाणीपट्टीचा दर : ठरतो कसा, वाढतो का?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुका हा अवर्षणप्रवण प्रदेश होय. दक्षिणेस भीमा आणि पूर्वेस सीना वाहत असली, तरी मधल्या माळरानावरील लोकांना उन्हाळ्यातील टँकरची प्रतीक्षा अपरिचित नाही. अशा तालुक्यात घरच्या नळाचे मोल वेगळे सांगावयास नको. तथापि पाणीपट्टी वाढली की, पाणी निसर्गाचे असताना दर कशाचा, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

हा दर पाण्याचा नसून ते घरापर्यंत आणण्याच्या खर्चाचा असतो. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढविण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते. त्यात तुरटी, क्लोरीन, पंपांची व नळांची दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचे वेतन यांची भर पडते.

यांपैकी दोन बाबींचे दर गावात ठरत नाहीत. धरणातून वा कालव्यातून घेतलेल्या पाण्याच्या ठोक दराचे निकष २००५ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरविते व दर तीन वर्षांनी त्यांचा फेरविचार होतो. विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग निश्चित करतो. दोन्ही ठिकाणी नागरिकांना आपले म्हणणे मांडता येते.

कर्जतला आता नगरपंचायत आहे. ग्रामीण भागाचे नागरी भागात रूपांतर होत असलेल्या गावांसाठी ही व्यवस्था १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने केली. अशा नगरांचे कर १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार आकारले जातात. खर्चाचा अंदाज अर्थसंकल्पात मांडला जातो आणि दराचा प्रस्ताव लोकप्रतिनिधींच्या सभेपुढे येतो. लहान नगरांत बहुधा नळजोडाच्या व्यासानुसार सरसकट वार्षिक पट्टी आकारण्याची पद्धत आढळते.

दरवाढीचा भार कोणावर पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या नगरात ४,००० नळजोड असून योजनेचा वार्षिक खर्च ८० लाख रुपये आहे. सर्वांनी पट्टी भरल्यास प्रत्येकी २,००० रुपये पुरतात. परंतु ३,००० जणांनीच भरल्यास २० लाखांची तूट येते. ती केवळ दर वाढवून भरून काढावयाची, तर नियमित भरणाऱ्यास सुमारे २,६६७ रुपये द्यावे लागतील. म्हणजे थकबाकीदाराचा बोजा प्रामाणिक नागरिकाच्या माथी येईल.

उलटपक्षी, दर वर्षानुवर्षे गोठविल्यास दुरुस्ती लांबते, गळती वाढते आणि पुरवठ्याचे दिवस कमी होतात. त्याची झळ सर्वांत आधी ज्यांच्या घरी साठवणीची टाकी नाही, त्या कुटुंबांना बसते. विकतचे टँकरचे पाणी त्यांना पाणीपट्टीपेक्षा कितीतरी महाग पडते.

म्हणून दरवाढीपूर्वी वसुली व गळती यांचा विचार अगत्याचा ठरतो. केंद्र शासनाच्या २००८ च्या सेवा-मापदंडांनुसार महसूल न देणारे पाणी २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि योजनेचा चालविण्याचा खर्च पूर्णतः वसूल व्हावा. जेथे मीटर आहेत, तेथे गरजेपुरत्या वापरास कमी व अधिक वापरास चढता दर लावता येतो.

नगरपंचायतीने जमाखर्च नागरिकांपुढे स्पष्टपणे ठेवावा आणि नागरिकांनी पट्टी वेळेवर भरावी. हिशेब उघड असेल, तर दरवाढीचे कारण लोकांना पटते; आणि वसुली पूर्ण असेल, तर पुष्कळदा दरवाढीची गरजच उरत नाही.