पोल, ध्रुव आणि ध्रुवीकरण

दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रात्रंदिवस एक शब्द कानावर पडतो : 'पोल'. रसाचा ब्रिक्स किती आणि पोल किती, यावर केमिस्टचे सारे गणित चालते. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले एकूण घनपदार्थ. पोल म्हणजे ढोबळमानाने त्यातली साखर. हा 'पोल' पोलरायझेशन या लांबलचक शब्दाचे तोंडात बसलेले छोटे रूप आहे. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रे ज्याला 'ध्रुवीकरण' म्हणतात, तोच हा शब्द.

उसाच्या रसापासून मतपेटीपर्यंत तो पोहोचला कसा?

सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशाची कंपने त्याच्या वाटेशी काटकोन करून, पण सगळ्या दिशांनी होत असतात. ठरावीक स्फटिकातून तो गेला की एकाच दिशेची कंपने उरतात. यालाच प्रकाशाचे ध्रुवण म्हणतात. असा प्रकाश साखरेच्या द्रावणातून सोडला की कंपनांची दिशा उजवीकडे वळते. साखर जितकी जास्त, तितके वळण जास्त. फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांनी द्रवांचा हा गुण १८१५ मध्ये दाखवून दिला. आजही २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात घेऊन २०० मिलिमीटरच्या नळीत भरली, की साखर मोजण्याच्या ध्रुवणमापकावर १०० हा आकडा यावा, असे जागतिक प्रमाण आहे.

तोडलेला ऊस गाडीवर उन्हात तिष्ठत राहिला की पोल का घसरतो, हेही इथेच उलगडते. उसातल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे होऊ लागतात. फ्रुक्टोज प्रकाशाला जोराने डावीकडे वळवते आणि यंत्रावरचा आकडा उतरतो. ऊस वेळेत गाळला न गेल्याचे नुकसान प्रकाश असे अंशांत मोजून दाखवतो.

ध्रुवणाचे बारसे मात्र पॅरिसमध्ये झाले. एतियेन लुई मालुस हा नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत गेलेला लष्करी अभियंता. १८०८ साली एका संध्याकाळी तो आपल्या घरातून, आइसलँडमध्ये सापडणाऱ्या कॅल्साइटच्या स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहत होता. तिथल्या काचांवर मावळतीचा सूर्य चमकत होता. या स्फटिकातून प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे डेन्मार्कच्या बार्थोलिनने १६६९ मध्येच नोंदवले होते. मालुसने स्फटिक हातात फिरवला तेव्हा सूर्याची कधी ही, तर कधी ती प्रतिमा मंदावू लागली. काचेवरून नुसता परावर्तित झालेला प्रकाशही बदललेला असतो, हे त्याच्या ध्यानात आले.

प्रकाश कणांचा बनलेला आहे, असे मालुस मानत होता. लोहचुंबकाला असतात तसे या कणांना ध्रुव असावेत आणि परावर्तनात ते एका रांगेत येत असावेत, अशी कल्पना करून त्याने 'पोलरायझेशन' हे नाव दिले. १८१२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तो वारला. पुढे १८२१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलने प्रकाशलहरी आडव्या कंप पावतात असे मांडले आणि ध्रुवांची कल्पना निकालात निघाली. नाव तेवढे टिकले. म्हणजे ज्या प्रकाशावरून हा शब्द आला, त्या प्रकाशात दोन ध्रुव नाहीतच. आहे ती एक दिशा.

या कथेत एक भारतीय पान आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्‌लहरींवर प्रयोग करत होते. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकाच्या पानापानांत धातूचे वर्ख घालून त्यांनी या लहरींसाठी ध्रुवणपट्टी बनवली. १८९८ मध्ये त्यांनी तागाच्या जुड्यांना पीळ दिला आणि पिळाच्या दिशेप्रमाणे लहरींची दिशाही वळते, हे दाखवले. साखरेचा रेणू प्रकाशाला कसा वळवत असेल, याची ती हाताळता येणारी प्रतिकृती होती.

शरीरशास्त्रात हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. हृदयाच्या स्नायूपेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत विश्रांतीच्या वेळी सुमारे उणे ९० मिलिव्होल्टवर असतो. हे ध्रुवीकरण क्षणभर मोडते तेव्हा हृदय आकुंचन पावते, पुन्हा बसते तेव्हा ते सैलावते. ईसीजीच्या कागदावरचे चढउतार म्हणजे या मोडण्या-जुळण्याची नोंद. इथे ध्रुवीकरण कायमचे संपणे म्हणजे मृत्यू.

समाजशास्त्राने शब्द उचलला तो दोन टोकांसाठी. अर्थतज्ज्ञ ज्योन एस्तेबान आणि देबराज राय यांनी १९९४ मध्ये ध्रुवीकरण आणि विषमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नेमकेपणाने मांडले. समजा, दहा माणसांची कमाई एक ते दहा हजार अशी पायरीपायरीने आहे. उद्या खालच्या पाच जणांना तीन-तीन हजार आणि वरच्या पाच जणांना आठ-आठ हजार मिळू लागले, तर विषमता कमी होते. पण मधल्या पायऱ्या जाऊन समोरासमोर दोन गट उभे राहतात. ध्रुवीकरण वाढते.

अमेरिकेतले आकडे याहून बोलके आहेत. मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या घरात लग्न केले तर चालेल का, असे तिथल्या पाहण्यांत विचारले गेले. १९६० मध्ये नाराजी दाखवणारे दोन्ही पक्षांत शेकडा पाचच्या आसपास होते. २०१० मध्ये ते रिपब्लिकनांत जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश झाले. ही दरी कराच्या दरावरच्या मतभेदाची नव्हती, सोयरिकीची होती. राज्यशास्त्रज्ञ अशा ध्रुवीकरणाला भावनिक म्हणतात आणि धोरणांवरच्या मतभेदापासून वेगळे मोजतात.

मराठी विज्ञानलेखनाने प्रकाशासाठी 'ध्रुवण' हा निराळा शब्द घडवला, ते योग्यच झाले. तशीच काटेकोर सवय सार्वजनिक चर्चेलाही लागायला हवी. 'समाजाचे ध्रुवीकरण झाले' असे पुढच्या वेळी वाचनात आले, तर वाचकांनी लिहिणाऱ्याला जरूर विचारावे : गट कोणते, त्यांच्यातले अंतर कशात मोजले आणि ते आधी किती होते?